न कुजणारा कागद

मी बोलतोय, कपाटाच्या वरच्या फळीवरून. जरा मान वर करा. अहो, तो पंखा! त्याच्या बाजूला चकाकतोय ना, तो मी. लॅमिनेशन केलेला कागद. माझ्यावर पाणी सांडा, चहा सांडा, मला काही होत नाही. आणि हीच माझी गोची आहे.

आमच्या सिनेगॉगच्या सभागृहात दर वर्षी सुट्टीच्या एका दिवशी सगळी ज्यू मंडळी शिकायला जमतात. शिकायला म्हणजे भांडायला. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, धर्मग्रंथातलं एक जुनं वचन घ्यायचं आणि त्याच्या अर्थावरून एकमेकांचं डोकं खायचं. जेवणाआधीच ज्यांचं एकमत होतं, त्यांच्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

पूर्वी दर वर्षी नवं वचन, नव्या झेरॉक्स. पण ज्या कागदावर देवाचं नाव आहे, तो केराच्या टोपलीत टाकायचा नाही, अशी इथली रीत. तो खोक्यात साठवायचा आणि पुढे दफनभूमीत माणसासारखा मानाने पुरायचा. लोक इतके घाबरट, की त्या खोक्यात गाद्यांच्या सेलची जाहिरातसुद्धा टाकायचे. न जाणो, एखाद्या कोपऱ्यात देवाचं नाव निघालं तर! शेवटी दफनभूमीचा राखणदार वैतागला.

"माणसांपेक्षा कागदच जास्त पुरतोय मी," तो म्हणाला.

हे मावशींनी मनावर घेतलं. मावशी दातांच्या डॉक्टर, आणि या कार्यक्रमाचा सगळा भार त्यांच्यावर. कीड दिसली की मुळापासून काढायची, हा स्वभाव. त्यांनी जाहीर केलं, "यंदा कचरा नाही! ताटं धुवायची, आणि कागदांना लॅमिनेशन करायचं. एकदाच छापायचे, दर वर्षी तेच वापरायचे."

"म्हणजे दर वर्षी तोच धडा?" त्यांच्या बहिणीचे यजमान, भावोजी, ताडकन उठले. भावोजी शिंपी. दुसऱ्याच्या कामातला झोळ त्यांना लांबूनही दिसतो. "लोक कंटाळतील!"

"भावोजी, तुम्ही दर वर्षी तोच विनोद सांगता. आम्ही येतोच ना?"

"हे फसलं, तर पुढच्या वर्षी कागदी ताटं, नव्या झेरॉक्स आणि सगळा कारभार माझ्या हातात!"

"कबूल," मावशी म्हणाल्या.

वचन निवडलं तेही असं, की लढाईतसुद्धा शत्रूची फळझाडं तोडू नका. त्यावरून थोरामोठ्यांनी अर्थ काढलाय, की काहीच वाया घालवू नका. ते देवाच्या नावासकट माझ्यावर छापलं, मग प्लास्टिकच्या दोन थरांत मला घालून गरम रोलरमधून काढलं. बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, बाकीचे कागद ते कागद, आपण राजे!

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला उचललं. वाकवून बघितलं. मी उसळून त्यांच्या नाकावर बसलो.

"मावशी, झकास झालंय," नाक चोळत ते म्हणाले. "पण हा खराब झाला की पुरायचा कसा? हा तर कुजणारच नाही."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "वाया घालवू नका म्हणणारा कागद मी प्लास्टिकमध्ये कोंबला," म्हणत त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

मग जी चर्चा पेटली! प्लास्टिक सोलून काढायचं का? सोलताना अक्षर फाटलं तर? एका आजोबांनी चक्क कात्री आणली आणि माझी पाचावर धारण बसली. राखणदार पुढच्या रांगेतून ओरडला, "माझ्या मातीत हा नको!"

अखेर रब्बींनी हात वर केले. "फेकता येत नाही, पुरता येत नाही. मग एकच उरलं. वाचतच राहायचं!"

दर वर्षी हेच वाचायचं का, यावर मतदान झालं. विरोधात हात वर करायला भावोजी उठले, पण त्यांच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात धुवायचं ताट. मोजणी उरकली, आणि मावशी एका मताने वाचल्या.

तेव्हापासून दर वर्षी तेच वचन. कंटाळा? नाव नको! भावोजी तर दर वर्षी बाजू बदलतात आणि दोन्हीकडून तितक्याच तावातावाने भांडतात. केराची टोपली इतकी रिकामी राहायला लागली, की मांजरीने तिच्यात पिल्लं घातली.

पण घोटाळा असा झाला, की सगळ्यांना वचन तोंडपाठ झालं. मला कुणी हातात घेईना. बिनकागदाचं शिकणं! मावशींचं स्वप्न पुरं झालं आणि माझी नोकरी गेली. फळीवर पडल्या पडल्या मी रोज म्हणायचो, देवा, कुणालातरी विसरू दे रे!

यंदा मावशी काठी टेकत आल्या. आता खूप थकल्यात. भावोजींच्या समोर बसल्या आणि नेहमीसारखी सुरुवात केली. "लढाईतसुद्धा... लढाईतसुद्धा..." पुढे काही येईना. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बघत राहिल्या. आजूबाजूच्या जोड्या भांडण सोडून वळून बघायला लागल्या.

देवा, मी हे नव्हतं मागितलं. मावशी सोडून कुणीही चाललं असतं!

तेवढ्यात भावोजींनी कपाळावर हात मारला. "छे! मीही विसरलो बुवा. मेंदूला गंज चढला. तो कागद कुठाय?" कुणाला उठू न देता ते स्वतः खुर्चीवर चढले, शर्टाच्या बाहीने माझी धूळ पुसली आणि मला मावशींच्या हातात दिलं.

"शत्रूची फळझाडं!" मावशी खुलल्या. "आणि भावोजी, गेल्या वर्षी तुम्ही साफ चुकीचं बोललात."

मग काय, चहा गार होईपर्यंत जुंपली. मी मधोमध. इतका सुखात मी कधीच नव्हतो.

आता पुन्हा फळीवर आहे. माझ्यावर मावशींच्या बोटांचे ठसे आहेत, ते पुसू नका. मला मरण नाही, तेव्हा पुढच्या वर्षीही इथेच भेटेन. आणि एक विनंती. भावोजींना हे वचन झोपेतसुद्धा येतं. मावशींना तेवढं सांगू नका.