डिव्हायडरवरची बैठक

नांदेडातला तो रस्ता रुंद झाला आणि महामायाबाई आणि साखराबाईंची ताटातूट झाली. घरं अगदी समोरासमोर. महामायाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. साखराबाई देवणीकडचं शेत थोरल्याच्या हवाली करून धाकट्या भागवतकडे राहायला आलेल्या. पूर्वी संध्याकाळ झाली की एक दुसरीच्या घरी असायचीच. आता मधे डिव्हायडर, दोन्हीकडून सुसाट गाड्या, आणि फुटपाथभर मोटारसायकली लावलेल्या. त्यात दोघींचे गुडघे दुखरे. मग गॅलरीतून हात हलवायचा आणि फोनवर बोलायचं. समोर दिसणाऱ्या बाईला फोन लावताना महामायाबाईंचा जीव नुसता चरफडायचा.

एक दिवस त्या फोनवर म्हणाल्या, "साखराबाई, अर्धा रस्ता तुम्ही या, अर्धा मी येते."

"आन् मग?"

"मग बसू की डिव्हायडरवर!"

"या बाईला येड लागलंय," म्हणत साखराबाई चपला शोधू लागल्या.

हात दाखवत, थबकत दोघी कशाबशा मधे पोचल्या. कण्हेरीच्या सावलीत बसून त्यांनी भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाचा डबा उघडला आणि पोटभर बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शेजारणीही येऊ लागल्या. ऑटोवाले जाता जाता "काय मावशी, बरं हाय ना?" विचारू लागले. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला.

तो पाहून महापालिकेच्या इंजिनिअर समीक्षा मॅडम पळतच मधे येऊन पोचल्या.

"मावशी, इथं बसू नका. गाडी अंगावर आली म्हणजे?"

"खरं हाय बाई तुझं," साखराबाई डबा आवरत म्हणाल्या. "उठतोच आम्ही. तेवढं घरापोतर सोड."

समीक्षाने त्यांचा हात धरला आणि पाऊल खाली टाकलं. सिटी बस आली, पाऊल मागे. पुन्हा टाकलं, तर टिप्पर. मग ऑटोंची रांग काही संपेचना. शेवटी तिलाच हसू फुटलं.

"सरका जरा," म्हणत ती त्यांच्यात बसली. सुशीला खाता खाता तिने प्रत्येकीला विचारलं, कुठून ओलांडता, कुठं अडकता, भीती कशाची वाटते. उठताना म्हणाली, "बघते मी."

आणि तिने खरंच बघितलं. दिवाळीच्या आधी तिथला डिव्हायडर फोडून पायी ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांची, रस्त्यापेक्षा जराशी उंच वाट झाली, चालणाऱ्यांसाठी सिग्नल लागला. फुटपाथ मोकळा झाला, आणि मोटारसायकल चढू नये म्हणून कडेला खांब रोवले गेले.

सिग्नल सुरू झाला त्या सकाळी महामायाबाई ठेवणीतली साडी नेसून कडेला उभ्या राहिल्या. गाड्या थांबल्या. त्यांचा विश्वासच बसेना. सगळ्यात पुढच्या ऑटोवाल्याने मान हलवून "या, या" केलं, तेव्हा कुठे पाय उचलला. एवढ्या गाड्या आपल्यासाठी खोळंबल्यात, या विचाराने त्यांना नवरीसारखं लाजल्यागत झालं.

समोरून साखराबाई निघाल्याच होत्या. ऐन मधे दोघींची गाठ पडली.

"चला माझ्याकडं," महामायाबाई म्हणाल्या.

"कामून? मी धपाटे केलेत. तुम्ही चला."

"अहो, मी तुम्हालाच न्यायला निघाले होते!"

दोघीही हटेनात. सिग्नल लुकलुकायला लागला, तसा तो ऑटोवाला ओरडला, "मावशी, घरी जाऊन भांडा की!"

साखराबाईंनी महामायाबाईंचा हात घट्ट धरला आणि त्यांना ओढतच आपल्या बाजूला नेलं. भागवतने दार उघडलं तर दोघी उंबऱ्याशी धापा टाकत उभ्या, आणि हसू काही आवरत नव्हतं.