जयमालाची साक्ष

"उद्या पयली साक्ष तुमचीच घेऊ, जयमालाताई," मोतीराम पास्टर म्हणाले आणि चहाची कपबशी त्यांनी ओट्यावर ठेवली. "बुलढाण्याहून पाव्हणे येऊन राह्यले. डिंपलले पुढं उभी करजा. सांगजा, दोन वर्सांची मिरगी प्रभूनं एका प्रार्थनेत काढली म्हणून."

जयमाला सोमवारच्या विक्रीसाठी वांगी निवडत होती. एक किडकं वांगं बाजूला टाकत ती म्हणाली, "पास्टरसाहेब, जरा थांबलो तर?"

"काऊन?"

तिने दुसरं वांगं उचललं. दारात उभा असलेला तिचा नवरा राजकुमार घाईघाईने म्हणाला, "लाजते ते, साहेब. बोलीन बरोबर."

पास्टर हसले. त्यांनी डिंपलच्या डोक्यावर हात ठेवून छोटी प्रार्थना केली आणि मोटारसायकलला किक मारली. चौदा वर्षांच्या डिंपलने एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांचं स्वेटर घातलं होतं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

वडनेर भोलजीच्या टोकाला टिनाच्या शेडमध्ये ही ख्रिस्ती मंडळी जमायची. वीसेक घरं. डिंपलला फिट यायला लागल्या, तेव्हा राजकुमारच्या भावाने 'घरात बाहेरचं शिरलं' म्हणून बोलणं टाकलं होतं. शेजारच्या रुखमाबाईंनी जयमालाला हाताला धरून शेडमध्ये आणलं. पहिल्याच रविवारी डिंपल तिथे कोसळली. पास्टरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. पांढरा शर्ट फेसाने भिजला, पण माणूस हलला नाही. त्या एका गोष्टीसाठी जयमालाने त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला असता. म्हणून तर सगळं अवघड झालं होतं.

नाही तर ही बाई कोणाच्या साच्यात बसणारी नव्हतीच. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, हिचे मात्र टक्क उघडे, लेकीवर. फिट काय विचारून येते? बाया कुजबुजायच्या, तेव्हा ही म्हणायची, "मी काऊन पाहून राह्यली, ते प्रभूले माहीत हाय." एकदा वचनाच्या, म्हणजे बायबलच्या वर्गात हिने सरळ विचारलं, "मित्र मेला तवा प्रभू रडला ना? मंग आपल्या साक्षीत कोणी रडत काऊन नाही?" पास्टरांनी घसा साफ केला आणि पान उलटलं.

मंडळीत एक रीत होती. ज्याच्यासाठी प्रार्थना होई, त्याने आपले ताईत, गंडे आणि औषधंसुद्धा क्रुसाच्या पायाशी आणून ठेवायची. याला विश्वासाचं पाऊल म्हणत. महिन्यापूर्वी जयमालाने खामगावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिथे ठेवल्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि हेच तिला आता खात होतं. अकरा दिवस पोर ठणठणीत राहिली. शेडमध्ये टाळ्या पडल्या, बायांनी डिंपलचे मुके घेतले. बाराव्या दिवशी डिंपल चुलीपुढे भाकरी भाजत असताना फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत विस्तवात गेला. त्यानंतर आणखी दोनदा फिट आली. हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

"सांगून टाक ना," पास्टर गेल्यावर राजकुमार म्हणाला. "आधी तोंडानं कबूल करा म्हणते साहेब, मंग बरं होते."

"अन् तिचा हात?"

"हात झाकता येते."

"प्रभूपासून झाकता येते?"

राजकुमार मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "अवं, या मंडळीबिगर कोण हाय आपलं? भावानं दार लावलं. उद्या पोरीचं काई बरंवाईट झालं तं खांदा द्याले कोण येईन?"

पुढ्यातली वांगी तशीच टाकून जयमाला पदरात तोंड घालून रडली.

रविवारी शेड खचाखच भरली. पाहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, बाकी सगळे सतरंजीवर. पास्टरांनी नाव घेतलं तशी जयमाला डिंपलचा डावा हात धरून पुढे गेली. एका पाहुण्याने चित्रण करायला मोबाइल वर धरला.

"माही पोरगी बरी नाही झाली," जयमाला म्हणाली.

"हल्लेलूया!" मागून कोणीतरी सवयीने ठोकून दिलं आणि मग जीभ चावली. पाहुण्याचा मोबाइल हळूच खाली आला.

"गोळ्या म्या माह्या हातानं बंद केल्या. बाराव्या दिवशी ते चुलीत पडली. प्रभूनं नाही पाडली, म्या पाडली. उद्या मी तिले खामगावले नेऊन राह्यली."

हात दाखवायचं तिच्या मनात नव्हतं. डिंपलनेच स्वेटरची बाही वर सरकवली. बायांमधून एक हुंदका आला आणि दबला.

पास्टरांचा चेहरा उतरला. "ताई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा विश्वास कमी पडला."

"कमीच असन, साहेब. पण जेवढा हाय तेवढा खरा हाय. गोळी देऊनही मी त्याचीच. पण त्याच्या घरात उभी राहून मी लबाड नाही बोलणार."

पास्टरांनी ढोलकीवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं आणि जयमाला आपल्या जागी येऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामी झाली होती.

शेवटी प्रभुभोजन आलं, प्रभूच्या नावाने भाकरीचा तुकडा वाटायचा विधी. पास्टर भाकरीची थाळी घेऊन एकेकापुढे वाकत होते. जयमालासमोर ते थांबले. त्यांनी डिंपलचा भाजलेला हात पाहिला, त्यांचे डोळे भरून आले, क्षणभर थाळीही पुढे झाली. मग तिला न देताच ते पुढच्या बाईकडे वळले. पुरुषांच्या रांगेत राजकुमारने आपला तुकडा घेतला आणि मान खाली घालून चावत राहिला. जयमालाला त्याचा राग आला नाही. तिला फार एकटं वाटलं.

सोमवारी ती वांगी घरीच टाकून लेकीला बसने खामगावला घेऊन गेली. डॉक्टर खूप बोलले आणि तिने सगळं ऐकून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आता एकही दिवस चुकवायचा नव्हता. संध्याकाळी रुखमाबाई आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"पास्टरसाहेब म्हणे, मंडळीपुढं माफी मागेपर्यंत शेडात येऊ नको. बोललेलं वापस घे म्हणे." त्या जमिनीकडे पाहत बोलत होत्या. "मी काय करू, बाई? माह्या नातीचं लगन तिथंच लागणार हाय."

"तुम्ही जा, मावशी. तुमच्यावर राग नाही माहा."

त्या गेल्यावर जयमाला राहिलेली वांगी निवडायला बसली. माफी मागणं सोपं होतं. दोन वाक्यांचं काम. दोन वाक्यांत सगळी माणसं परत मिळाली असती.

पुढच्या रविवारी राजकुमार धुतलेला शर्ट घालून एकटाच पुढे निघून गेला. जयमालाने डिंपलला सकाळची गोळी दिली, तिची वेणी घातली, एक पोतं काखेत मारलं आणि दोघी शेडपाशी आल्या. दार लोटलेलं होतं. तिने पत्र्याच्या भिंतीलगत उन्हातच पोतं अंथरलं.

आत गाणं सुरू झालं तशी तिने बाहेरून सूर लावला. आतले आवाज एकदम ढेपाळले, मग पहिल्यापेक्षा मोठे झाले. जयमाला तिच्याच आवाजात गात राहिली. बाजाराकडे निघालेली माणसं वळून वळून पाहू लागली.

"आई, आपल्याले आत घेत नाही, मंग आलो काऊन?" डिंपलने विचारलं.

"मी आतल्या लोकांसाठी नाही आली."

गाणं संपलं. आत प्रार्थना सुरू झाली. जयमालाने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"देवा, मी जयमाला," ती म्हणाली. "बाहेरून बोलून राह्यली."