आठ शनिवार आणि एक भेग

मी दिसतो पत्र्याच्या चौकोनी डब्यासारखा, पण आहे कॅमेरा. फ्रेंच कारखान्यात तयार झालो. अंगावर काळं रेक्झिन, पोटात आठ फोटोंचा रोल. आम्हा भावंडांत थोडाथोडा फरक. एकाला फ्लॅश लावायची सोय, दुसऱ्याला जवळचं पाहायला जादा भिंग. माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. आठ फुटांच्या आत कोणी आलं, की मला धूसरच दिसतं.

माझी मालकीण मोज्यांच्या कारखान्यात विणकाम करायची. सगळ्याजणी तिला अक्का म्हणत. सहलीला नेण्यासाठी तिच्या थोरल्या भावाने मला तिला भेट म्हणून दिलं. पण सहली राहिल्या बाजूला.

विणखात्याच्या भिंतीला अक्काला एक भेग दिसली. तिने मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं.

"जुनीच आहे हो ती भेग. चष्मा तेवढा नवा दिसतोय तुमचा," साहेब हसले.

त्या शनिवारी सगळे घरी गेल्यावर अक्काने भेगेवर आडवी मोजपट्टी चिकटवली, आठ फूट मोजून जमिनीवर खडूची खूण केली आणि तिथे टेबलावर मला ठेवलं. खात्यात उजेड कमी, म्हणून माझी झडप उघडी धरून ती श्वास रोखून दहापर्यंत मोजायची. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

"अक्का, नोकरी घालवून बसशील," शेजारच्या यंत्रावरची बाई म्हणाली.

"नोकरी गेली तर दुसरी बघेन. भिंत पडली तर काय बघू?"

रोल संपला. अक्काने आठही फोटो साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यात भेग पट्टीच्या एका रेघेएवढी, शेवटच्यात सहा रेघांएवढी.

"पट्टी तीच, जागा तीच. आता चष्मा कोणाला हवाय, ते तुम्हीच सांगा."

साहेबांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी धरून पाहिला. मग उठून त्यांनी स्वतः खात्याला कुलूप घातलं.

कुलूप लागल्यापासून नवव्या दिवशी भर दुपारी भिंत कोसळली. आत फक्त यंत्रं होती. मी अक्काच्या पिशवीत होतो. ती कारखान्याच्या अंगणातच पिशवी पोटाशी धरून रडली.

आता मी तिच्या भाचीच्या कपाटात असतो. काच बुरसटली आहे, झडप अडकते. माझं एकच मागणं आहे. भिंत पडल्यानंतर अंगणात काढलेला एक फोटो कारखान्यातल्या बऱ्याचजणींच्या घरी आहे. त्यात विणखात्यातल्या बावीस बायका हसताहेत. तो हाती आला, तर मागे एवढं लिहा: तेविसावी कॅमेऱ्यामागे उभी होती.