पिशवीत बंद ठेवलेला जीपीएस

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही मला एखादा जाडजूड मोबाइल समजाल. पण माझ्यावरून कोणाला फोन लागत नाही, मला गाणी येत नाहीत आणि मी फोटोही काढत नाही. मी डोंगरात न्यायचा एक जुना जीपीएस आहे. मला एवढेच येते की, या क्षणी मी पृथ्वीवर नेमका कुठे आहे ते सांगायचे.

ते मला कसे कळते? वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात आणि ते सतत वेळ आणि आपली जागा सांगत असतात. त्यांचा संदेश माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून प्रत्येक उपग्रह किती लांब आहे हे मी काढतो. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की मला माझी जागा कळते. त्यासाठी डोक्यावर मोकळे आकाश मात्र हवे. छपराखाली मी जवळजवळ आंधळा असतो.

माझा जन्म २०१४ सालचा. कारखान्यात मला पाण्यात बुडवून पाहिले, टेबलावरून खाली पाडून पाहिले आणि मगच खोक्यात घातले. दुसऱ्या वर्षी मी डहाणू रोडला मनिषभाईंच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात आलो. माझ्याबरोबर माझा थोरला भाऊही आला होता. त्याला मोठा रंगीत पडदा होता, कॅमेरा होता, आणि त्याची किंमत माझ्या अडीचपट होती. आम्हा दोघांना मुंबईहून मागवले होते ते नयनाबाईंसाठी.

नयनाबाई डहाणूच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. वर्षातून चार-पाच रविवारी त्या नववीच्या मुलींना तलासरीकडच्या डोंगरांवर नेत. शाळेत या उपक्रमाला ‘डोंगरफेरी’ म्हणत. आदल्या वर्षी एका फेरीत वाट चुकली, एका मुलीचा पाय मुरगळला आणि सगळ्याजणी रात्री आठला घरी पोहोचल्या. पालक चिडले. मुख्याध्यापक श्यामकांत सरांनी फेरी थांबवली. पुढे नयनाबाईंनी फारच विनवले तेव्हा ते म्हणाले, “एक संधी देतो, बाई. डोंगरावरून उतरून पाचची एसटी पकडायची. ती चुकली, तर डोंगरफेरी कायमची बंद.”

म्हणून बाई दुकानात आल्या होत्या.

“बेन, हा मोठा घ्या ना,” मनिषभाई म्हणाले. “टच आहे, फोटो निघतात, एकदम मस्त आयटम.”

“मला फोटो नको आहेत, मनिषभाई. मला वाट हवी आहे. दोन्ही जरा बाहेर उन्हात नेऊ का?”

“उन्हात? टीव्ही बघायला कोणी उन्हात जातं का?”

“हा टीव्ही नाही ना.”

बाई आम्हा दोघांना पायरीवर घेऊन बसल्या आणि घड्याळ लावले. आम्ही दोघांनीही साधारण सारख्याच वेळात आपली जागा सांगितली. मग त्यांनी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून भावाच्या पडद्यावर फिरवले. पडदा भलतीकडेच पळू लागला. मला त्यांनी एका हातात धरले आणि न बघता अंगठ्याने बटणे दाबली. मी नीट चाललो. शेवटी त्यांनी माझी पाठ उघडली. आत दोन पेन्सिल सेल बसतील अशी जागा होती. भावाला मात्र त्याची स्वतःचीच बॅटरी लागे, आणि तिला चार्जर.

“पेन्सिल सेल तलासरीच्या बाजारात मिळतात,” बाई म्हणाल्या. “चार्जर लावायला डोंगरावर प्लग नसतो. हाच द्या.”

“तुमच्यासारखं गिऱ्हाईक महिन्यातून एकच असलेलं बरं,” मनिषभाई हसत म्हणाले आणि त्यांनी मला कागदात गुंडाळले.

मला फार अभिमान वाटला. मी स्वस्त होतो, पण पारखून घेतलेला होतो.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एका रविवारी अकरा मुलींना घेऊन बाई तलासरीच्या पुढे एका फाट्यावर उतरल्या. समोर घोडमाथा नावाचा डोंगर होता. बाईंनी मला चालू केले, उपग्रह मिळेपर्यंत थांबल्या, फाट्याची जागा माझ्यात टिपली, आणि मला बंद करून पिशवीत टाकले.

“बाई, चालूच ठेवा ना,” श्रुतिका नावाची मुलगी म्हणाली. “म्हणजे आपण कसे कसे गेलो ते त्याच्यात येईल.”

“सेल संपले तर, श्रुतिका? ऐन वेळी काय करायचं?”

“खोक्यावर तर पंचवीस तास लिहिलंय.”

“खोक्यावर काय, काहीही लिहितात.”

खरे सांगायचे तर पंचवीस तास खरे होते. शिवाय पिशवीत कागदात बांधलेले दोन नवे सेलही होते. पण बाई ज्या घरात वाढल्या तिथे पेटीच्या तळाशी ठेवलेली नवी चादर पाहुण्यांसाठी जपली जाई आणि पाहुणे आले तरी जपलीच जाई. ही सवय शिक्षणाने जात नाही.

अर्ध्या वाटेवर एक मोठा काळा खडक लागला. तिथे मला पुन्हा चालू केले, जागा टिपली, बंद केले. माथ्यावर पुन्हा तसेच. म्हणजे मला तीन ठिकाणे माहीत होती. त्यांच्या मधले मी काहीच पाहिले नव्हते. मी पिशवीत डब्यांच्या शेजारी झोपलो होतो.

मुलींनी माथ्यावर डबे खाल्ले. कविताने भाकरीबरोबर आणलेली सुकटीची चटणी सगळ्यांनी संपवली, आणि तिच्या वाट्याला शेवटी नुसती भाकरीच उरली. बाईंनी पक्ष्यांची यादी करून घेतली. अडीच वाजता सगळ्या उतरू लागल्या. काळ्या खडकापर्यंत वाट स्वच्छ होती. खडकापाशी पोहोचल्या तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती. तिथून फाटा पाऊण तासाचा. पाचची एसटी आरामात मिळणार होती.

पण खडकाखाली सकाळची वाटच नव्हती.

सकाळी तिथे पुरुषभर उंचीचे गवत होते आणि त्यातून भांग पाडल्यासारखी पायवाट गेली होती. मधल्या वेळात पाड्यावरची माणसे विळे घेऊन आली होती. त्यांनी गवत कापून जमिनीवर आडवे पसरले होते. सगळा उतार एकसारखा पिवळा झाला होता, आणि वाट त्याखाली कुठेतरी झाकली गेली होती. कापणारी माणसे पुढच्या माळाकडे सरकली होती.

“काळजी नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला बाहेर काढले. टिपलेली ठिकाणे क्रमाने जोडायची सोय माझ्यात आहे. त्यांनी खडक आणि फाटा जोडला. मी पडद्यावर रेघ काढली आणि बाण दाखवला. अंतर सव्वा किलोमीटर.

“एकदम पट्टीने आखलेला रस्ता!” कविता म्हणाली.

मित्रांनो, तिथेच खरे तर कोणीतरी थांबायला हवे होते. डोंगरातली वाट पट्टीने आखलेली नसते. आलेखावर दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली म्हणजे मधले आपल्याला कळले असे नसते, हे बाईंनी मुलींना त्याच आठवड्यात वर्गात सांगितले होते. पण पाचची एसटी डोक्यात होती, आणि माझा बाण अगदी ठाम होता. मला बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, ही रेघ मी पाहिलेली नाही, मी ती नुसती ओढली आहे.

पंचवीस मिनिटे बाणामागे चालल्यावर जमीन संपली.

पायाखाली खोल घळ होती. तळाशी ओहोळ वाहत होता, आणि पलीकडच्या काठामागे फाटा दिसत होता. एसटीच्या शेडचा पत्रा उन्हात चमकत होता.

“ते काय, समोरच!” कविता ओरडली. “बाई, इथूनच उतरू या. वीस मिनिटांत पोहोचू.” एका हाताने झुडूप धरून तिने एक पाय खाली टाकलासुद्धा. तिच्या चपलेखालचे दोन दगड सुटले. ते खाली पोहोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

“कविता, मागे हो.”

“पण बाई, एसटी! सर डोंगरफेरी बंद करतील.”

“मला माहीत आहे. मागे हो.”

बाईंचा आवाज चढला नाही. सव्वाचार वाजले होते. उतरले तर बस मिळणार होती, आणि डोंगरफेरी वाचणार होती. बाईंनी एकदा त्या पत्र्याकडे पाहिले आणि मग काठाकडे पाठ केली.

तेवढ्यात वरच्या अंगाने कोणीतरी हाक मारली. “ओ बाय! तिकडं कुठं चालल्या? तिकडं नुसता कडा हाय!”

ती तिथल्याच वडपाड्यावरची, बारकी नावाची गवत कापणारी होती. पन्नाशीची, काटक, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. बाईंनी तिला मी दाखवलेला बाण दाखवला.

बारकीने पडद्यावर नाक टेकेल इतक्या जवळून पाहिले. “हा बाण कावळ्याचा हाय, बाय. कावळा जाईल नीट. आपल्याला पंख कुठं हायत?” मुली हसल्या. बाईही हसल्या, थोड्या उशिराने.

“मावशी, पाचच्या आत फाट्यावर पोहोचू का?” श्रुतिकाने विचारले.

“नाय पोचायच्या. घळीच्या वरून वळसा हाय. तासाचं काम.” तिने भारा खाली टाकला. “चला, मी दावते. गवत काय पळत नाय.”

या वेळी बाईंनी मला पिशवीत ठेवले नाही. मी त्यांच्या हातात चालू होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी वाट पाहिली. ती आधी उलट्या दिशेला वर गेली, घळीच्या डोक्यावरून वळली, एका मोहाच्या झाडाखालून आली आणि मग खाली उतरली. बारकी कापलेल्या गवतावरूनही न अडखळता चालत होती. पायाला खालची घट्ट जमीन लागली की वाट, भुसभुशीत लागली की वाट नाही, असे तिने मुलींना सांगितले. मग मुलीही पायाने जमीन चाचपत चालू लागल्या.

पाच वाजता उतारावरून एसटी दिसली. ती शेडपाशी थांबली, आणि निघून गेली. कविता रडू लागली.

“रडते काय?” बारकी म्हणाली. “यष्टी उद्या बी यील. तू खाली गेली असती तर तू आली असती काय?”

त्या सगळ्या सातच्या एसटीने डहाणूला परतल्या.

सोमवारी बाईंनी मला सरांच्या टेबलावर ठेवले. शेजारी आलेखाचा कागद ठेवला. त्यावर माझ्या बाणाची एक तुटक सरळ रेघ होती आणि बारकीच्या वाटेची एक विळ्यासारखी वळलेली अखंड रेघ. सगळे जसे घडले तसे त्यांनी सांगितले.

सरांनी मला उलटसुलट करून पाहिले. “स्वस्तातलं घेतलंत म्हणून हे झालं का, बाई?”

“नाही, सर. महागातलं असतं तरी मी ते बंद करून पिशवीतच ठेवलं असतं. चूक माझी आहे.”

“आणि त्या काठावरून उतरला असतात, तर पाचची मिळाली असती?”

“मिळाली असती.”

“मग का नाही उतरलात? अट माहीत होती ना?”

“अट माहीत होती, सर. उतरण माहीत नव्हती.”

सरांनी कागदावरच्या वळलेल्या रेघेवरून बोट फिरवले. मग त्यांनी सूचनांची वही ओढली, पाचच्या एसटीची ओळ खोडली आणि खाली लिहिले: ‘डोंगरफेरी चालू राहील. परतायला उशीर झाल्यास चालेल. पाड्यावरचे माहीतगार माणूस सोबत असावे. यंत्र पूर्ण वेळ चालू ठेवावे.’ शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी तेरा फेऱ्या केल्या. बारकी पुढे असे आणि मी मागे तिची वाट टिपत असे. पुढे मोबाइलमध्येच नकाशे आले. २०१८ मध्ये मला प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले, तेही पोटात सेल घालून. सेल पाझरले. सेलला टेकणाऱ्या माझ्या पत्र्यांवर पांढरा थर चढला आणि मी मुका झालो. वर्षभराने कॉलेजात गेलेली श्रुतिका शाळेत आली. तिने लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने माझे पत्रे घासले, नवे सेल घातले आणि मला अंगणात नेले. मी चार उपग्रह शोधले.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र घ्यायचे असेल तर दिखाऊ पडदा पाहू नका. ओल्या हाताने चालते का, सेल जवळच्या बाजारात मिळतात का, हे पाहा. कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा. डोंगरावर नेताना पहिल्या पावलापासून चालू ठेवा. जपून ठेवलेले यंत्र वाट शिकत नाही. आणि माझ्या पडद्यावर रेघ दिसली, तरी तिच्याखाली जमीन आहे की नाही हे मला ठाऊक नसते. ते तिथे गवत कापणाऱ्या माणसाला विचारा.