कढीचा आळ

पुण्याची बोलपटवाली मंडळी सांगवीला मोहनरावांच्या मळ्यावर उतरली ते साल अडतीस. बोलपट हसवणुकीचा होता, पण त्यात खून होता. एका संस्थानिकाचा मुख्य आचारी भर पंगतीत कढीचा भुरका मारतो आणि पानावर पालथा पडतो. मग त्याला कुणी मारलं हे हुडकताना बाकीचे आचारी एकमेकांच्या पातेल्यात डोकावत राहतात, अशी कथा.

दिग्दर्शक चिंतामणरावांना पंगत खरी हवी होती. जिलबी आणि भातासाठी बारामतीहून सावळाराम आचारी आला. मांडवाच्या टोकाला चुलाण पेटवता पेटवता त्यानंच चिंतामणरावांच्या कानावर घातलं, "सायेब, कढीनं मानूस मारलेली बाई ह्याच गावात हाय. प्रयागबाई. बारा वर्सांमागं इंदापूरला लग्नात तिच्या कढीनं सतरा मानसं आडवी झाली. त्यातला एक गेला."

"खरंच?" चिंतामणरावांचे डोळे चमकले. "मग कढी तिच्याच हातची हवी. बोलवा तिला."

निरोप घेऊन मोहनराव स्वतः गेले. गावची पाटिलकी त्यांच्याकडं होती आणि प्रयागबाईंशी त्यांचं बोलणं तुटलेलं नव्हतं. प्रयागबाई तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. पुरणपोळीला, भाजीला लोक त्यांना अजून बोलवत. कढी करा असं मात्र बारा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. निरोप ऐकून त्यांनी निवडणाचं सूप बाजूला ठेवलं.

"सावळाराम हाय का तितं?"

"हाय."

"मग येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, त्या स्वतःचं कल्हईचं पातेलं डोक्यावर घेऊन. सावळारामाकडं त्यांनी बघितलं नाही. त्यानं मात्र जिलबीचं पीठ फेटता फेटता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपापला जीव सांभाळा रं!" बघायला जमलेलं गाव हसलं. प्रयागबाईंनी ताक घुसळलं, बेसन लावलं, कढी उकळीला आणली. मेथीची फोडणी बसली तशी माणसं नाकं वर करून वास घ्यायला लागली.

मग कपडे-भांडी सांभाळणाऱ्या माणसानं पंगतीत मांडायची तांब्याची मोठी तपेली आणली. चिंचेनं आतबाहेर घासलेली. उन्हात तिच्याकडं बघवत नव्हतं, इतकी लकाकत होती.

प्रयागबाईंनी आत हात फिरवला. "ह्याला कल्हई न्हाय. ह्यात कढी घालायची न्हाय."

"बाई, कल्हईनं आतून पांढरं दिसतं. मला चमक हवी," चिंतामणराव म्हणाले.

"मग पानी घाला चमकायला. कढी न्हाय."

"इथं दिग्दर्शक कोण आहे?"

"इतं कढी कुनी केलीया?"

चिंतामणरावांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सावळाराम पुढं आला. "तिचं नेहमीचंच खुसपट हाय सायेब. सरा बाजूला." आणि त्यानं फडक्यानं पातेलं उचलून निम्मी कढी तपेलीत ओतली. प्रयागबाई आडव्या आल्या, तशी त्यानं कोपरानं त्यांना ढकललं. त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मोहनराव म्हणाले, "जाऊ द्या बाई, खायची न्हाय ती, नुसती दाखवायची हाय." हे मोहनरावांना खरंच वाटत होतं.

पण ती खायची होती. आचाऱ्याचं काम करणारा माधव नावाचा जाडगेला नट पानावर बसला, आणि ढग आले. ढग गेले तर कालव्यावर धुणं आपटणाऱ्या बायकांचा आवाज यंत्रात शिरू लागला. बायकांना गप्प करायला माणूस गेला, त्या त्याच्याशीच भांडायला लागल्या. असे चार तास गेले. कढी तपेलीत तशीच. नंतर काम सुरू झालं तेव्हा माधवला एकदा भुरका मारून भागेना. कधी तो लवकर पडे, कधी त्याचा फेटा सुटे. दर वेळी नवी वाटी. त्याच्या शेजारी बसलेले दोन नटही भुरके मारत होते.

"कढी कसनुशी लागतेय," माधव सातव्या वाटीला म्हणाला. "जिभेवर पैसा ठेवल्यासारखी."

"तुला मरायचंय, चव कसली बघतोस?" चिंतामणराव ओरडले.

आठव्या वाटीला माधवनं पोट धरलं, डोळे पांढरे केले आणि पानातच भडाभडा ओकला. चिंतामणराव आनंदानं उभे राहिले. "वा! वा माधव! फिरवत राहा यंत्र!" माधव हात हलवून काहीतरी सांगत होता, गावाला वाटलं हेही कामातलंच. लोक पोट धरून हसले. शेजारचे दोघे ओकायला लागले तेव्हा हसू थांबलं.

"बघा!" सावळाराम ओरडला. "पुन्यांदा! मी काय म्हनत हुतो?"

गाव क्षणात उलटलं. कुणी म्हणालं बाईला बांधा, कुणी म्हणालं फौजदाराला बोलवा. सिंधुबाई ही प्रयागबाईंची सख्खी जाऊ, तिनंच पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "आमच्या घराला अजून किती काळं लावशील?" दुखणाइतांना मोटारीत घालून बारामतीला डॉक्टरकडं धाडलं. मोहनराव प्रयागबाईंसमोर येऊन उभे राहिले. "बाई, आता मला बी तुमाला सोडता येत न्हाय."

"सोडू नका," प्रयागबाई म्हणाल्या. "माझ्या पातेल्यात निम्मी कढी हाय. तीच कढी, त्याच चुलीवरची. वाटी आना."

कुणी हलेना. शेवटी मोहनरावांनी वाटी दिली. प्रयागबाईंनी पातेल्यातून कढी घेतली, सगळ्यांदेखत प्यायल्या. दुसरी वाटी घेतली. तिसरी घेतली. मग पदरानं तोंड पुसून तिथंच खाली बसल्या. गाव त्यांच्याकडं टक लावून होतं. तासभर कुणी घरी गेलं नाही. त्यांना काही झालं नाही.

मग त्या उठल्या, तपेलीतली वाटी भरली आणि सावळारामापुढं धरली. कढीवर हिरवट कड धरली होती. "तुमी ओतली. आता तुमी प्या."

"मी कशाला पिऊ?"

"एक वाटी प्या की," मोहनराव म्हणाले. "कढी वाईट असली तर बाईचं पातेलं बी वाईट निघायला पायजे हुतं."

"प्या, प्या," लोक म्हणायला लागले. आता ते सावळारामाभोवती गोळा झाले होते. कुणीतरी त्याला पुढं लोटलं. वाटी ओठाला लागली तशी त्यानं ती भिरकावली आणि ओरडला, "बिनकल्हईच्या तांब्यातलं ताक कोन पितं का! मरायचंय व्हय मला?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच उमगलं.

"म्हंजे तुला ठावं हुतं," मोहनराव हळू म्हणाले. "आन इंदापूरला भांडी कुनाची हुती, सावळाराम?"

उत्तर प्रयागबाईंनी दिलं. "ह्याची. त्या लग्नानंतर चार म्हयन्यांनी भिगवनच्या कल्हईवाल्यानं मला सांगितलं, तांब्यात आंबट राहिलं की इख हुतं. मी दारोदार सांगत फिरले. तवर ह्यानं समद्या भांड्यांना कल्हई करून घेतली हुती. माझं कोन ऐकतंय?"

सिंधुबाईनं त्यांचा दंड कधी सोडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

माधव चार दिवसांनी हिंडूफिरू लागला. चिंतामणरावांनी त्याची ओकारी बोलपटात तशीच ठेवली आणि ती पुढं फार गाजली म्हणतात. प्रयागबाईंनी तो बोलपट पाहिला नाही.

मोहनरावांनी सावळारामाला इंदापूरला नेलं. लग्नात मेलेल्या माणसाची बायको, बनाबाई, तिथं राहत होती. प्रयागबाई बरोबर गेल्या. सावळारामानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, "कल्हईवाला वेळेवर आला न्हाय. एका दिसानं काय हुतंय, म्हनलं. मानूस गेला तवा भ्यालो, आन बाईचं नाव घेतलं."

बनाबाईनं पायातली वहाण काढून त्याच्या तोंडावर मारली. मग ती प्रयागबाईंकडं वळली.

"बारा वर्सं तुला शिव्या दिल्या. तुझं वाटोळं व्हावं म्हनून देवीला नवस बोलले."

"ठावं हाय."

"आता माफी मागू व्हय तुझी?"

"नगं मागूस."

"मागनार बी न्हाय," बनाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. आतून तिचा रडण्याचा आवाज आला. प्रयागबाई निघाल्या.

मोहनरावांना कचेरीत काम होतं, ते मागं राहिले. बारामतीकडं जाणारी मोटार एकच. प्रयागबाई चढल्या तेव्हा सावळाराम आधीच बसला होता, गालावर वहाणेचा वळ घेऊन. मोकळी जागा त्याच्या शेजारीच होती. त्या बसल्या.

दोन कोस गेल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, "प्रयागबाई, मी काय म्हंतो—"

"गप बसा," प्रयागबाई म्हणाल्या.

बारामती येईपर्यंत तो गप बसला.