शी आणि शाबास

ताईच्या पोटात दुखायला फारसं कारण लागत नसे, आणि धाकटी बहीण समोर असली तर तेवढंही लागत नसे. त्या दिवशी धाकटी दारातून आत आली, चपला काढायला खाली वाकली, आणि ताईच्या पायांवर डोकं ठेवून पडलेला ताईचा कुत्रा उठला, आपले लांबलचक कान फरशीवरून झाडत तिच्याकडे निघून गेला. शिवणाच्या मशिनवरचा ताईचा पाय जागीच थांबला. खाऊ घालायचं मी, औषधं द्यायची मी, आणि शेपूट हलणार कुणासाठी, तर हिच्यासाठी!

"बुवा, इकडे ये," ताई म्हणाली. बुवा आला नाही.

बुवा बॅसेट जातीचा. पाय बुटके, अंग लांब आणि चेहऱ्यावर कायम सगळ्या गल्लीची काळजी, म्हणून बुवा. कूळ चांगलं; आजे-पणजे प्रदर्शनात बक्षिसं मिळवून आलेले. स्वतः बुवानं मात्र उशा फाडण्यापलीकडे काही मिळवलं नव्हतं, आणि पिल्लूही झालं नव्हतं. आता वय झालं होतं. प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, पुढच्या आठवड्यात खच्चीकरण करावं लागेल, त्याचं पिल्लू हवं असेल तर आत्ताच काय ते बघा.

पिल्लू हवंच होतं. बुवा गेल्यावर या घरात मशिनच्या घरघरीशिवाय आवाज उरणार नाही, या विचारानं ताईला धडकी भरायची. पण नशिबाचा चावटपणा बघा. याच जातीची, योग्य वयाची आणि नेमकी आत्ता माजावर आलेली कुत्री ओळखीत एकच होती. मैना. तीही धाकटीची. जिच्याकडे चमचाभर साखर मागायची वेळ आली तरी ताईनं चहा बिनसाखरेचा प्यायला असता, तिलाच फोन करावा लागला. धाकटीनं एका शब्दात हो म्हटलं, वर "एक पिल्लू तुझं, निवडायचं तूच" असंही म्हणाली. त्या मोठेपणानंच ताईच्या अंगाची लाही लाही झाली.

"कुत्रीला नराच्या घरी आणायचं असतं," धाकटी मैनेला आत घेत म्हणाली. "स्वतःच्या घरात त्याला हुरूप येतो."

"माहितीये मला," ताई म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

कापड बेतायचं टेबल दोघींनी भिंतीला सरकवलं. बुवानं मैनेला हुंगलं, मैनेनं शेपूट बाजूला केली, सगळं सुरळीत चाललंय असं वाटेपर्यंत फरशीवर बुवाचे मागचे पाय घसरले आणि तो बसकण मारून इकडेतिकडे बघायला लागला. ताईनं मशिनखालची रबरी चटई ओढून अंथरली. मैना उंच पडत होती, म्हणून चटईवर बुवासाठी जुनी गोधडी दुमडून ठेवली. आता उंची जमली, पाय रोवले गेले, बुवा चढला. आणि चढल्या चढल्या त्यानं मान वळवून ताईकडे पाहिलं. कान पाडले. खाली उतरला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

पुन्हा काढला. पुन्हा तेच. चढायचं, ताईकडे बघायचं, टेबलाखाली जायचं.

"तुला लाजतोय ग तो," धाकटी म्हणाली. "तू जरा स्वयंपाकघरात जातेस का?"

ताईचा तिळपापड झाला, पण पिल्लासाठी गेली. दार लावून मागे उभी राहिली. पलीकडून धाकटीचा लाडिक आवाज येत होता, "चल रे माझ्या राजा, चल." माझ्या राजा! आता जमलं तर जन्मभर ऐकावं लागणार, ताई बाहेर गेली आणि मी जमवलं. लहानपणापासून हेच. ताईनं वर्गात पहिला नंबर आणला तर बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "बरं." धाकटीनं नुसती बुटाची नाडी बांधली तरी, "शाबास!" पुढे धाकटीचं केस कापायचं दुकान निघालं, गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत बसायला लागली, आणि ताई लोकांच्या पडद्यांना दुमड घालत राहिली. निदान कुत्रा तरी माझा असू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

तेवढ्यात दारावर नखं घासली. पलीकडे बुवा कुईकुई करत होता.

ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दार उघडून ती साळसूदपणे म्हणाली, "का ग? तुझं ऐकत नाही?"

"कुठलं ऐकतोय! तू गेल्यापासून दार सोडत नाहीये."

ताई हसली. पण लगेच तिच्या लक्षात आलं की आपण आपलंच पिल्लू हातचं जाताना बघून हसतोय, आणि ते हसू तिचं तिलाच खुपलं.

धाकटी गोधडीवर मांडी घालून बसली आणि बुवाकडे निरखून बघायला लागली. "ताई, हा कधी उशीवर, कुणाच्या पायावर चढायचा?"

"चढायचा की, लहान असताना. पाहुण्यांसमोर मेली शोभा. मोडली मी सवय."

"मारलंस?"

"हात नाही लावला कधी. नुसतं शी म्हणायचं."

तो शब्द कानावर पडताच बुवा उठला आणि मुकाट्यानं टेबलाखाली गेला.

दोघी टेबलाखाली बघत राहिल्या. मग धाकटी पोट धरून हसत सुटली. "अग, जन्मभर शी ऐकलंय त्यानं! आणि आज म्हणतेस, चढ!"

ताईनं कपाळाला हात लावला. मैनेचा दोष नव्हता, फरशीचाही नव्हता. "मग आता काय करायचं?"

"तूच सांग त्याला की चालेल. शाबास म्हण."

"तू म्हण. तुला सवय आहे त्या शब्दाची."

"माझं शाबास त्याला नकोय ग," धाकटी आता हसत नव्हती. "तुझं हवंय."

बुवाला पुन्हा गोधडीवर आणलं. तो चढला, मान वळवून ताईकडे पाहिलं. ताईनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बरं." हुबेहूब बाबांसारखं. तिची तीच दचकली. बुवा उतरायला लागला.

"शाबास," ताई पुटपुटली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, "शाबास, बुवा! शाबास रे!"

बुवानं डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं, विश्वास न बसल्यासारखं. मग वळला आणि कामाला लागला.

"गाठ बसली," धाकटी कुजबुजली. नर-मादी अशी अडकली की त्याला गाठ म्हणतात. ती आपोआप सुटेपर्यंत कुणी ओढायचं नाही, दचकवायचं नाही. नरानं हिसका दिला तर दोघांना इजा व्हायची. म्हणून बुवाला ताईनं धरलं आणि मैनेला धाकटीनं. दोन्ही कुत्री शेजारी शेजारी उभी आणि बहिणींचे गुडघे एकमेकींना टेकलेले. इतक्या जवळ त्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या. उठून जायची सोयच नव्हती.

आणि बुवानं मान लांब करून धाकटीचं मनगट चाटलं.

धरलंय मी, शाबास म्हटलं मी, आणि चाटतोय तिला! शी थेट दातांपर्यंत आली. एक शब्द, आणि तो चळाचळा कापत टेबलाखाली पळायला बघेल. ताईनं ओठ घट्ट मिटले. धाकटी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचाही चेहरा बुवासारखाच झाला होता, आता शी ऐकू येणार अशी खात्री असलेला. हा चेहरा ताईनं लहानपणीही पाहिला होता. बाबा शाबास म्हणायचे आणि ही आधी ताईकडे बघायची. ताई तेव्हा तोंड फिरवायची.

आज तोंड फिरवायला जागा नव्हती.

"शाबास," ताई म्हणाली.

बुवाची शेपूट हलली. धाकटीनं मान खाली घातली आणि मैनेच्या पाठीवरून हात फिरवत हळूच विचारलं, "मला म्हणालीस?"

ताईनं नाही म्हटलं नाही.