माझं तोंड बांधू नका

मित्रांनो, मी बदकांच्या पिसांची एक जुनी स्लीपिंग बॅग आहे. ती बदकं कुठली, मला ठाऊक नाही. पण हवेत ओल आली की माझ्या पोटातली पिसं चाळवतात. त्यांना पाणी आठवतं.

एका दुकानात मी खुंटीला टांगलेली होते. तिथे एक नवराबायको आले. दोघांनाही भर थंडीत, पावसात तंबू ठोकून राहायची हौस.

दुकानदार म्हणाला, "बाई, ओल्या थंडीला पिसं नकोत. भिजली की लगदा होतो नुसता. ही कृत्रिम धाग्यांची घ्या, भिजली तरी थोडी ऊब राहते."

"माझे पाय भर उन्हाळ्यात गार असतात. विचारा यांना."

"मला काय विचारायचं? मी भोगतोच आहे," नवरा म्हणाला.

"ओल मी सांभाळीन. तुम्ही ऊब दाखवा."

तिने माझ्यावर मूठ दाबली, सोडली आणि मोजू लागली. चार म्हणेपर्यंत मी पुन्हा फुगले. मग तिने बाटलीतलं थोडं पाणी माझ्यावर शिंपडलं. थेंब गोल होऊन घरंगळले. तिने मला काखोटीला मारलं.

तिने शब्द पाळला. प्रवासात मी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असायचे. तंबूच्या ओल्या कापडाला ती मला टेकू द्यायची नाही. नवऱ्याने आपल्या बॅगेत डोकं खुपसलं की ओरडायची, "तोंड बाहेर! श्वासाची वाफ पिसांत मुरते." घरी मी कपाटात मोकळी टांगलेली असायचे. वर्षातून एकदा ती मला टबात धुवायची आणि ड्रायरमध्ये टेनिसचे तीन चेंडू टाकून वाळवायची. चेंडूंनी पिसांच्या गुठळ्या फुटतात. धप, धप, धप असा आवाज घरभर व्हायचा.

"कोण धावतंय गं घरात?" नवरा स्वयंपाकघरातून विचारायचा.

"बदकं!"

मग ती आजारी पडली. घरातही तिला थंडी वाजायची, म्हणून ती माझ्यात झोपू लागली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. शेवटच्या आठवड्यात ती तोंडही आत घ्यायची. तिला कोणीच ओरडलं नाही. तिचा श्वास माझ्यात मुरत राहिला.

ती गेल्यावर नवऱ्याने मला सर्वांत लहान पिशवीत कोंबलं, वर गुडघा रोवून दाबलं आणि नाडीला तीन गाठी मारल्या. तिची ऊब आत राहावी म्हणून. आमची निगा कशी राखतात, ते त्याला माहीत नव्हतं. ते सगळं ती बघायची. ऊब पिसांत नसते, मित्रांनो. पिसांनी धरलेल्या हवेत असते. ती हवा त्याने गुडघा टेकला तेव्हाच त्याच्या तोंडावरून निघून गेली.

दोन वर्षं मी कपाटात होते. तो रोज येऊन पिशवीवर हात ठेवायचा. आत अंधार होता, आणि त्या अंधारात मला कोणाचे तरी गुडघे लागायचे.

यंदाच्या थंडीत त्यांची मुलगी आली. तिला पाणथळीवरचे पक्षी मोजायला आठ दिवस पावसात राहायचं होतं.

"बाबा, आईची बॅग द्या ना."

"नवी घेऊ. मी येतो दुकानात."

"मला तीच हवी. तिच्याइतकी उबदार दुसरी नाही."

त्याने गाठींवर हात ठेवला. "उघडली तर जाईल," एवढंच म्हणाला. तरी शेवटी त्यानेच गाठी सोडल्या.

मी जमिनीवर चिंधीसारखी पडले. मुलीने आईसारखी मूठ दाबली आणि मोजलं. चाळीस झाले तरी मी हलले नाही.

"मेली वाटतं ही," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

दुपारभर तो माझ्याजवळ बसला. चारच्या सुमारास मी फुगू लागले, पण सगळीकडून नाही. आधी एक खांदा वर आला. मग कंबर. मग दोन गुडघे, पोटाशी घेतलेले. तो उठून भिंतीला टेकला. मुलगी चहा घेऊन दारातच थांबली.

"बाबा... आत कोणी आहे का?"

त्याने खाली बसून माझ्या त्या गुडघ्यांवर हात ठेवला. गार लागले.

"ही अशी तुला ऊब देणार नाही. धुवायला हवी."

"आईचा वास जाईल, बाबा."

"तू गारठशील."

दुसऱ्या दिवशी त्याने मला स्वतःच्या हातांनी धुतलं. पाणी करडं झालं. त्यात दोन लांब केस निघाले. मुलगी बाजारात गेली होती. तिसरा चेंडू कुठे सापडेना, म्हणून त्याने ड्रायरमध्ये दोनच टाकले.

धप, धप, धप.

"कोण धावतंय गं घरात?" स्वयंपाकघरातून तो सवयीने बोलून गेला. मग हातातलं भांडं ठेवून तो ड्रायरपाशी येऊन बसला.

बाहेर काढलं तेव्हा मी सगळीकडे सारखी भरले होते. त्याने मूठ दाबली. चार म्हणेपर्यंत मी वर आले.

आठ दिवसांनी मुलगी परतली.

"मस्त ऊब होती, बाबा. फक्त रोज पायाशी काहीतरी गार लागायचं. कोणी पाय चिकटवल्यासारखं."

तो हसला. दोन वर्षांत मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं.

"भोग आता तू," तो म्हणाला.

आता मी पुन्हा कपाटात मोकळी टांगलेली असते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला कोंबून ठेवू नका. धुवा, वाळवा, वापरा, तिला हवा लागू द्या. आणि एखाद्या संध्याकाळी कोणी हात न लावता ती फुगताना दिसली, तर घाबरू नका. हवाच असते ती.

बहुतेक.